साउथ डकोटाहून आल्यावर

तीर्थरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर रेंज गेली की अर्धं बोलणं हवेत जातं, म्हणून ही हकीकत सावकाश लिहितेय. आम्ही ट्रेलर भाड्यानं घेऊन नऊ दिवस फिरून आलो. आत चौघांची झोपायची सोय, शेगडी, मोरी, संडास, सगळं. गाडीमागं जोडायचं आणि निघायचं. मिनेसोटातून साउथ डकोटातल्या हॉट स्प्रिंग्ज गावापर्यंत एका बाजूनं हजारेक किलोमीटर.

पहिल्याच दिवशी हायवेवर ट्रेलर मागून डावी-उजवीकडं झोकांड्या खायला लागला. जीव मुठीत धरून वेग कमी केला आणि कडेला घेतला. दार उघडलं तर पाण्याचे कॅन, मुलांच्या सायकली, सगळं जड सामान पार मागच्या टोकाला. अण्णा, गाडी उलाळ झाली होती! तुमचा हा शब्द इतक्या वर्षांनी माझ्या तोंडून निघाला. इथं हिशेब असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर यायला हवा. तुम्ही नुसतं जू उचलून सांगायचा, बैलाच्या मानेवर दाब बरोबर आहे का नाही ते. सामान चाकांच्या पुढं सरकवलं आणि ट्रेलर गुमान मागं येऊ लागला. रात्री मुक्कामाच्या जागेत तो मागं घेताना तुमच्या जावयांनी स्टेअरिंग माझ्याच हातात दिलं. मागचं डावीकडं न्यायचं तर स्टेअरिंग उजवीकडं, हे मी तुमच्याकडून उसाच्या ट्रॉलीवर शिकले होते.

आई, वाटेत मिचेल गावात मक्याचा राजवाडा बघितला. १८९२ पासूनची परंपरा आहे. भिंतींवरची मोठमोठी चित्रं खऱ्या कणसांची. कणीस उभं चिरायचं आणि खिळ्यानं ठोकायचं. रंग लावत नाहीत. पिवळी, तांबडी, काळपट निळी अशी कणसंच पिकवतात. जवळ जाऊन बघितलं तर एका कणसाचे दाणे पाखरांनी टिपलेले, नुसती बुरकुंडं उरलेली. तू असतीस तर तिथून लवकर हलली नसतीस.

डोंगरात कोरलेले चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरेही बघितले. १९२७ ते १९४१ एवढं काम चाललं. पण मला तिथं करमलं नाही. ते डोंगर लकोटा या तिथल्या आदिवासी लोकांचे. १८६८ च्या करारानं त्यांना दिलेले, १८७४ मध्ये सोनं सापडलं आणि मग काढून घेतलेले. १९८० मध्ये कोर्टानं भरपाई ठरवली, ती त्यांनी अजून उचललेली नाही. त्यांना जमीनच हवी आहे. कोयनेच्या पाण्यात ज्यांची गावं गेली, त्यांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

खरं सांगायचंय ते हॉट स्प्रिंग्जचं. १९७४ साली तिथं घरं बांधायला टेकाड सपाट करत होते आणि यंत्राच्या पात्याला मॅमथचा सुळा लागला. मॅमथ म्हणजे हत्तीच्याच कुळातलं, आता नामशेष झालेलं जनावर. खोदत गेले तसे साठाहून जास्त निघाले. घरांचा बेत सोडून दिला. हाडं उचलून नेली नाहीत. जिथं जनावर पडलं तिथंच ठेवली आणि वर छप्पर घातलं. औंधला तुम्ही आम्हाला एसटीनं नेलं होतं ना, पंतप्रतिनिधींचं संग्रहालय दाखवायला? तिथं राजानं दूरदूरच्या वस्तू जमवून आणल्या, रवि वर्म्यांची चित्रं, कुठकुठच्या मूर्ती. इथं इमारतच वस्तूंपाशी चालत आली. दोन्ही मला सारखीच मोलाची वाटली.

पूर्वी तिथं जमीन खचून मोठा खड्डा झाला होता, त्यात कोमट झऱ्याचं पाणी. काठाला हिरवा चारा. जनावर पाण्यात उतरायचं, पण भिंती उभ्या आणि निसरड्या, वर येता यायचं नाही. सापडलेले जवळपास सगळे तरणे नर. हत्तींमध्ये नर वयात आले की कळपाबाहेर पडतात आणि एकटे हिंडतात, तसंच यांचंही असावं. एका कवटीपाशी धाकटी कितीतरी वेळ उभी राहिली. दाढ विटेएवढी, वर पन्हाळीसारख्या आडव्या रेघा. मला म्हणाली, "याला बाहेर काढायला कुणीच नव्हतं का?"

मग मी तिथंच कठड्याला टेकून तिला आपल्या मळ्यातल्या विहिरीची गोष्ट सांगितली. रेडकू पडलं होतं, आणि तुम्ही कासरा कमरेला बांधून उतरला होता. वर चौघं ओढत होते, म्हैस काठावर हंबरत होती. तुमच्या दोन्ही तळहातांची सालं निघाली होती आणि आई हळद भरत होती.

जानेवारीत आम्ही पलूसला येतोय. औंधला एक दिवस सगळे मिळून जाऊ, पण त्याआधी धाकटीला ती विहीर बघायचीय. ते रेडकू पुढं केवढं झालं, असं ती रोज विचारते. मला आठवत नाही. तुम्हीच सांगा तिला.

तुमची,
ताई