फ्लेक्स केवढा अन् माठ केवढा

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात पाणपोईच्या उद्घाटनाचा फोटो बघितला. एक स्टीलचा ग्लास आणि त्याला लागलेले सात-आठ हात, पाणी पिणारा माणूस मात्र फोटोत कुठंच दिसंना. मग मुद्दाम संध्याकाळी तिकडनं गाडी घेऊन गेलो तर फ्लेक्स दहा फुटी, माठ दोन, त्यातला एक कोरडा. टीका करायची म्हणून लिहित नाही हां, उन्हातान्हात कोणी दोन माठ ठेवले तरी पुण्यच आहे, पण आपल्या कोल्हापुरात फ्लेक्सचा नाद जरा जास्तच झालाय हे तुम्हीपण मान्य कराल. पाऊस लागला की माठ उचलतात, फ्लेक्स तसाच फडफडत राहतो.

मी ख्रिस्ती आहे, दर रविवारी चर्चला जाणारा, त्यामुळं पाणी आणि पुण्य म्हटलं की मला बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातला दहावा अध्याय आठवतो. या लहानातल्या एकाला कोणी नुसता थंड पाण्याचा प्याला दिला तरी त्याचं फळ वाया जाणार नाही, असं प्रभू येशू तिथं सांगतो. नुसतं पाणी नाही म्हणाला, थंड म्हणाला. त्या देशात फ्रीज कुठला, थंड द्यायचं म्हणजे उठून विहिरीवर जायचं नाहीतर टाकीतनं ताजं काढायचं, म्हणजे थोडे का होईना कष्ट आले. आमच्या चर्चचे पाळक साहेब यावर काय म्हणतील माहीत नाही, पण मला तरी ते तसंच कळतं.

आणि हा प्याला मी डोळ्यानं बघितलाय. २०१९ च्या ऑगस्टमधला महापूर तुम्हाला सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट आणि पंचगंगा ५५ च्या वर गेलेली, शिरोलीजवळ हायवे बंद, उपसा केंद्रं पाण्यात त्यामुळं नळाला पाणी नाही. शहराला पाण्याचा वेढा आणि घरात प्यायला घोटभर नाही अशी गंमत. आमच्या गल्लीत एका घरात बोअर आहे. त्या काकांनी काय केलं, कंपाउंडच्या भिंतीवरनं एक पाईप बाहेर सोडला आणि लाईट आली की मोटर चालू करायचे, रात्री अडीचला आली तरी उठून. बोर्ड नाही, व्हॉट्सॲपवर मेसेज नाही, एकमेकाला सांगून कळलं लोकांना. मी चार दिवस तिथनं घागरी भरल्या आणि नंतर एकदा थँक्यू म्हणायला गेलो तर ते म्हणाले, कसलं पाणी ओ? आठवतच नव्हतं त्यांना. बायबल त्यांनी कधी उघडलंसुद्धा नसेल, वारकरी माणूस आहे.

पण मत्तयच्याच पंचविसाव्या अध्यायात नेमकं हेच आहे. न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्यांना म्हणतो की मी तान्हेला, म्हणजे तहानलेला, होतो तेव्हा तुम्ही मला प्यायला दिलं, आणि ते लोक गोंधळून विचारतात की प्रभू, कधी दिलं? लहानपणापासून मला वाटायचं की ते नम्रपणानं बोलतायत, आपण कसं 'छे छे, काही नाही' म्हणतो तसं. आता वाटतं की नाही, त्यांना खरंच माहीत नव्हतं. आणि डावीकडचे पण तोच प्रश्न विचारतात बघा, आम्ही तुला तान्हेला कधी बघितलं आणि दिलं नाही? त्यांनी चोरीमारी केली असं तिथं कुठं म्हटलेलं नाही, त्यांचं फक्त लक्ष नव्हतं. हे वाचलं की मला जरा घाम फुटतो, कारण माझा नंबर कुठल्या बाजूला लागेल हे सांगता येत नाही.

कोणी म्हणेल की तुमच्याच शास्त्रात दिवा दिवठणीवर ठेवा असंही आहे. आहे ना. पण दिवा घरातल्यांना दिसावं म्हणून लावतात, दिव्याचा फोटो यावा म्हणून नाही. मोठ्या कामाला नाव लागतं, पैसा गोळा करावा लागतो, ते मला कळतं. अमेरिकन मिशनरी वायल्डर साहेब १८५२ साली कोल्हापुरात आले, त्यांच्या नावाचं चर्च आजही आहे. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ ला मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं, ते नावही सगळ्यांना माहीत. माझी आत्या मिरजेत नर्स होती, रात्रपाळीत पेशंटचे नातेवाईक व्हरांड्यात फरशीवर झोपलेले असायचे त्यांच्या अंगावर जाता जाता चादर टाकायची. आता याची पाटी कुठं लावणार? बायबलात यरुशलेमच्या मंदिरात दोन टोल्या, म्हणजे अगदी बारकी नाणी, टाकणारी ती गरीब विधवा, दोन हजार वर्षं तिच्यावर उपदेश चाललेत, पण मार्कच्या शुभवर्तमानात नीट वाचा, येशूनं शिष्यांना बोलावून सांगितलं, तिला काहीच सांगितलं नाही. ती आपली घरी गेली असेल, संध्याकाळी काय शिजवायचं या विचारात.

आमच्या चर्चमध्ये एक मावशी होत्या, गेल्या वर्षी लेकीकडं इचलकरंजीला राहायला गेल्या. त्या गेल्यावर पाच-सहा महिन्यांनी लक्षात आलं की गायनाच्या पुस्तकांची पानं सुटायला लागलीत. आधी वाटलं पुस्तकं जुनी झाली, नवीन आणायची म्हणून कमिटीत चर्चापण झाली. मग कोणाला तरी शेवटच्या बाकाखाली डबा सापडला, त्यात वाळलेली खळ, एक ब्रश आणि पतंगाच्या कागदाच्या कापलेल्या पट्ट्या. किती वर्षं त्या उपासना सुटल्यावर बसून पानं चिकटवत होत्या देवजाणे, मी त्यांच्या मागच्याच बाकावर बसायचो आणि आधी निघून जायचो, आम्हाला रविवारी मटणाची घाई.

गेल्या रविवारी मी थांबून दोन पुस्तकं चिकटवली. वाकडी झाली, एक पान तर उलटं लागलं. आणि बघा, लगेच पेपरला लिहून कळवतोय, म्हणजे दाखवून पुण्य करणाऱ्यांबद्दल शास्त्रात म्हटलंय तसं मी माझं प्रतिफळ इथंच भरून पावलो. तेवढं पत्राखाली माझं नाव छापू नका ही विनंती.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर