‘फक्त आणीबाणीचे कॉल’ : रोमिंगच्या सुनावणीसाठी ग्राहक समितीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

आपल्या लहान मोबाइल कंपनीचे सिम वापरणाऱ्या प्रत्येकाला ही ओळ पाठ आहे : ‘फक्त आणीबाणीचे कॉल’. घाट चढताना, दवाखान्याच्या आतल्या खोलीत, रात्रीच्या बसमध्ये ती हमखास उमटते आणि आपण म्हणतो, रेंज गेली. खरे तर रेंज गेलेली नसते. आसपास एकही टॉवर नसेल तर फोन सरळ ‘सेवा नाही’ म्हणतो. ‘फक्त आणीबाणीचे कॉल’ म्हणजे टॉवर आहे, फोनला तो दिसतोही आहे, पण तो दुसऱ्या कंपनीचा आहे आणि तिने आपल्या सिमला आत घ्यायचे नाही असे ठरवले आहे. (सिम खराब झाले तरी हीच ओळ येते. म्हणून तक्रार करण्याआधी सिम काढून, पुसून, परत घालून पाहा. आमच्याकडे आलेल्या काही तक्रारी एवढ्यावरच मिटल्या.)

मोबाइलच्या नियामकाने देशांतर्गत रोमिंगच्या (आपल्या सिमने दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा घेण्याच्या) नियमांवर हरकती व सूचना मागवल्या आहेत. मोठ्या कंपन्यांनी आपले टॉवर लहान कंपन्यांच्या ग्राहकांना ठरावीक दराने वापरू द्यावेत की नाही, हा प्रश्न आहे. मोठ्या कंपन्यांचे वकील तिथे असणारच. आपली लहान कंपनीही आपले म्हणणे मांडेल. पण ज्याचा फोन बंद पडतो त्याचे म्हणणे कोण मांडणार? ते ग्राहक समितीने मांडायचे ठरवले आहे. त्यासाठी तीन गोष्टी हव्यात : नोंदी, जाणकार माणसे आणि थोडे पैसे.

पैशांचे आधीच सांगून टाकतो, कारण सभेत त्यावरच सर्वांत जास्त वाद झाला. आपल्या कंपनीने सगळा खर्च उचलायची तयारी दाखवली होती. समितीने ती नाकारली. काही सभासदांना हा शहाणपणा वाटला नाही, आणि त्यांची बाजू चुकीची होती असेही नाही. पण कंपनीच्या पैशाने केलेले निवेदन हे कंपनीचेच निवेदन ठरते. पहिल्याच उलटतपासणीत ‘तुमच्या तज्ज्ञाचे मानधन कोणी दिले?’ असे विचारले की पुढची पाने कोणी उघडत नाही. शिवाय कंपनीलाही आम्हाला चार गोष्टी सुनवायच्या आहेत. तिने सांगितलेले टॉवर अजून कागदावरच आहेत.

आता मूळ प्रश्न. रोमिंगमध्ये तांत्रिक अडचण म्हणावी अशी फारशी उरलेली नाही. आपला फोन परक्या टॉवरला हाक मारतो, तो टॉवर सिमवरच्या क्रमांकावरून कंपनी ओळखतो, तिच्या नोंदवहीकडे ‘हा तुमचाच ना?’ अशी विचारणा करतो, होकार आला की सेवा सुरू. कोणी किती मिनिटे बोलले, किती डेटा वापरला, याच्या फायली नंतर एकमेकींकडे जातात आणि हिशेब चुकता होतो. परदेशातून आलेला पाहुणा विमानतळावर फोन चालू करतो तेव्हा काही सेकंदांत हेच घडते. त्याच टॉवरखाली आपला फोन मात्र मुका. अडते ते करारात.

करारातही ‘नाही’ असे कोणी तोंडावर म्हणत नाही. पत्राला उत्तर महिनोन्‌महिने येत नाही. आले तर दर असा की लहान कंपनीने तो भरला तर तिला स्वतःच्या ग्राहकाकडून मिळते त्याहून जास्त द्यावे लागते. किंवा बोलणे चालेल, डेटा नाही. किंवा डेटा चालेल, पण इतका रखडत की नकाशा उघडेपर्यंत वळण मागे पडते. नाहीतर ‘फक्त आमच्याशीच करार करा’ अशी अट. आणि जुनी टूजी-थ्रीजी नेटवर्क बंद होत चालली तशी नवी फट पडली आहे : फोरजीवरून आवाज जाण्यासाठी वेगळी जोडणी लागते. ती करारात नसेल तर परक्या टॉवरवर नेट चालते आणि कॉल लागत नाही.

हे दुखणे आपल्यापुरतेच नाही. कॅनडाच्या नियामकाने 2014 मध्ये चौकशी केली तेव्हा दिसले की मोठ्या कंपन्या आपल्याच देशातल्या लहान कंपन्यांना लावत असलेले, किंवा लावू पाहत असलेले दर अमेरिकी कंपन्यांना लावलेल्या दरांपेक्षा बरेच चढे होते. पाहुण्याला स्वस्त, शेजाऱ्याला महाग. तिथल्या संसदेने त्याच वर्षी घाऊक रोमिंगच्या (कंपन्यांनी एकमेकींना लावायच्या) दराला कमाल मर्यादा घातली आणि 2015 मध्ये नियामकाने बेल, रॉजर्स आणि टेलस या तिन्ही मोठ्या कंपन्यांचे दर नियमनाखाली आणले. तरी एक जाच उरलाच होता : चालू कॉलमध्ये आपल्या टॉवरची हद्द संपली की कॉल तुटायचा आणि परक्या टॉवरवर पुन्हा लावावा लागायचा. कॉल न तुटता पुढे सरकवून द्या, हा आदेश निघायला 2021 उजाडले.

अमेरिकेची गोष्ट आमच्या निवेदनासाठी अधिक उपयोगी आहे, कारण तिथे नियमातल्या फटी एकेक करून बुजवाव्या लागल्या. 2007 मध्ये तिथल्या दूरसंचार आयोगाने बोलणे आणि संदेशांसाठी रोमिंग बंधनकारक केले. पण जिथे लहान कंपनीकडे स्वतःच्या लहरी (सेवेसाठी लागणारे स्पेक्ट्रम) आहेत तिथे हा हक्क नाही, असे कलम ठेवले. लहरी आहेत म्हणजे टॉवर आहे असे थोडेच? ते कलम 2010 मध्ये गेले. डेटासाठीचा नियम 2011 मध्ये 3 विरुद्ध 2 अशा मतांनी झाला. व्हेरायझन ही मोठी कंपनी न्यायालयात गेली आणि 2012 मध्ये नियम टिकला. त्यात दर मात्र ‘व्यापारीदृष्ट्या वाजवी’ असावा एवढेच म्हटले होते. वाजवी म्हणजे किती, यावर पुन्हा भांडण. शेवटी टी-मोबाइल या कंपनीच्या अर्जावर 2014 मध्ये आयोगाला सांगावे लागले की ग्राहकांकडून घेतले जाणारे किरकोळ दर आणि परदेशी कंपन्यांशी ठरलेले दर तुलनेला घेता येतील. म्हणून आमच्या मसुद्यातली पहिली मागणी अशी : नियमात विशेषण नको, आकडा हवा.

आपल्या वाचकांना भारतातले प्रकरण आठवत असेल. 2010 च्या थ्रीजी लिलावात एअरटेलला 13, आयडियाला 11 आणि व्होडाफोनला 9 सर्कल (सेवेसाठी आखलेले विभाग) मिळाली. मग जिथे आपल्या लहरी नाहीत तिथे एकमेकींच्या नेटवर्कवर सेवा देण्याचे करार या तिघींनी केले. दूरसंचार विभागाने डिसेंबर 2011 मध्ये ते थांबवायला सांगितले. दूरसंचार न्यायाधिकरणाने एप्रिल 2014 मध्ये तो आदेश रद्द केला. म्हणजे मोठ्यांना गरज पडली तेव्हा सर्कलच्या आतले रोमिंग ग्राहकहिताचे होते, आणि त्यासाठी त्या कोर्टाची पायरीही चढल्या. ती कागदपत्रे मिळवून त्यातले युक्तिवाद आमच्या निवेदनाला जोडण्याचा मोह आम्हाला आवरत नाही. तिथेच जानेवारी 2025 पासून सरकारी निधीतून उभारलेल्या फोरजी टॉवरवर एकाहून अधिक कंपन्यांच्या ग्राहकांना सेवा घेता यावी अशी सोय सुरू झाली. सार्वजनिक पैशाने उभा राहिलेला टॉवर सर्वांचा, हे तत्त्व आम्हीही मागणार आहोत.

विरुद्ध बाजू लपवून चालणार नाही, ती आपल्यापुढे मांडली जाणारच. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने 1998, 2005 आणि 2017 अशी तीनदा चौकशी केली आणि तिन्ही वेळा सक्तीचे रोमिंग नाकारले. शेवटच्या वेळी मुद्दा असा होता की दुर्गम भागातले ग्राहक कंपनी निवडताना रेंज बघतात. रेंज सगळ्यांना सारखीच मिळाली तर ती वाढवण्यात पैसे कोण घालणार? हा युक्तिवाद पोकळ नाही. ज्या कंपनीने डोंगरावर डिझेल वाहून नेऊन टॉवर चालवला, तिला ‘आता तो वाटून घ्या’ म्हणताना तिचा खर्च आणि त्यावरचा रास्त परतावा द्यावाच लागेल. आम्ही फुकट मागत नाही.

पण दोन्ही टोकांच्या मधली वाट आहे. न्यूझीलंडमध्ये 2009 साली टूडिग्रीज ही नवी कंपनी व्होडाफोनच्या नेटवर्कवर रोमिंग घेत सुरू झाली आणि मग स्वतःचे जाळे वाढवत गेली. फ्रान्समध्ये फ्री मोबाइल 2012 मध्ये ऑरेंजच्या आधाराने उतरली, पुढे तो आधार टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आला. आम्हीही तसेच मागतो आहोत. रोमिंगला मुदत असावी, त्या मुदतीत आपल्या कंपनीने किती टॉवर उभारायचे ते लेखी असावे. जिथे दुसरा टॉवर कोणालाच परवडणार नाही, अशा दऱ्याखोऱ्यांत मात्र मुदत नको. कंपनीला यातले टॉवरचे कलम आवडलेले नाही. ते राहील.

आता आपले काम. नियामकापुढे ‘लोकांना त्रास होतो’ हे वाक्य चालत नाही. नोंद चालते. गेल्या आठवड्यात चिटणीस दोन फोन आणि एक वही घेऊन बसने संपूर्ण मार्ग फिरले. एका हातात आपले सिम, दुसऱ्या हातात मोठ्या कंपनीचे. दर थांब्यावर वेळ आणि दोन्ही पडद्यांवर काय दिसते ते लिहायचे. सातव्या थांब्यावर मोठ्या कंपनीच्या फोनवर चार दांड्या होत्या आणि आपल्या फोनवर तीच ओळ. शेजारच्या बाईंनी विचारले, कोणाचा फोन बिघडलाय का? त्यांचेही सिम आपल्याच कंपनीचे निघाले. वहीतले पुढचे पान त्यांनी लिहिले.

तुम्हालाही हे करता येईल. जिथे ती ओळ दिसेल तिथे फोनच्या सेटिंगमध्ये मोबाइल नेटवर्क उघडा आणि ‘आपोआप निवडा’ बंद करा. एक-दोन मिनिटांत आसपासच्या नेटवर्कची यादी येते. त्यातल्या मोठ्या कंपनीवर बोट ठेवा. परवानगी नाही, अशा अर्थाचा संदेश येईल. त्याचा आणि आधीच्या यादीचा फोटो घ्या, जागा, तारीख आणि वेळ लिहा. आमच्या दृष्टीने पुरावा तो हाच : टॉवर दिसला, हाक मारली, नकार आला. नंतर ‘आपोआप निवडा’ पुन्हा सुरू करायला विसरू नका, नाहीतर घरी गेल्यावरही फोन बंदच राहील आणि बोल आम्हाला लावाल. आपला मोबाइल नंबर किंवा फोनचा आयएमईआय क्रमांक पाठवू नका, फोटोत दिसत असेल तर झाका. नोंद लागते जागेची, माणसाची नाही. गाडी चालवताना तर हे बिलकूल करू नका.

एकाच जागेच्या वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी सर्वांत मोलाच्या. एका दिवसाची नोंद ‘त्या दिवशी बिघाड होता’ म्हणून उडवता येते, दहा दिवसांची उडवता येत नाही.

माणसे हवीत ती अशी : करारातली बारीक अक्षरे वाचायची सवय असलेला एखादा वकील, टॉवरचा खर्च समजणारा निवृत्त अभियंता, आणि नोंदी नकाशावर चढवू शकणारी दोन-तीन तरुण मुले-मुली. आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तरी पुरे. निवेदन टंकायला माणूस मिळाला आहे.

पैसे तीनच कामांना लागतील : दराचे गणित मांडून देणाऱ्या स्वतंत्र तज्ज्ञाचे मानधन, कागदपत्रांच्या प्रती, आणि सुनावणीला जाणाऱ्या दोघांचा प्रवास. जमेल तेवढे द्या, पावती मागून घ्या. कोणत्याही मोबाइल कंपनीकडून, लहान असो वा मोठी, वर्गणी स्वीकारली जाणार नाही. कंपनीत नोकरी करणाऱ्यांनी व्यक्तिशः दिली तर पावतीवर तसा उल्लेख राहील. जमा-खर्च दर सभेत वाचून दाखवू आणि उरलेली रक्कम, उरली तर, देणाऱ्यांना विचारूनच वापरू.

ज्यांचे सिम मोठ्या कंपनीचे आहे त्यांनाही बोलावणे आहे. दोन फोनांच्या नोंदीसाठी दुसरा फोन तुमचाच लागतो.

नोंदी या महिनाअखेरपर्यंत समितीच्या सभासदाकडे द्याव्यात. पुढच्या सभेत सगळ्या वह्या एकत्र करून नकाशा करायला बसणार आहोत. येताना चार्जर आणा, नेटवर्क शोधत बसलेल्या फोनची बॅटरी लवकर उतरते.

आपली,
ग्राहक समिती