रमाबाईंच्या जमाखर्चाकडेही पाहा

महोदय,

पंडिता रमाबाईंवर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. कोलकात्यात मिळालेल्या 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, मग इंग्लंडमधलं धर्मांतर, आणि लेख संपला. त्यांच्यावरचं बरंचसं लेखन इथेच थांबतं. विधवांसाठी एवढ्या संस्था उभ्या करणाऱ्या या बाईंनी पैसा कुठून आणि कसा आणला, हे मात्र राहूनच जातं. माझ्या मते त्यांची खरी हुशारी तिथे दिसते.

पैशाचं पहिलं साधन होतं त्यांची लेखणी. १८८२च्या 'स्त्रीधर्मनीति'च्या विक्रीतून इंग्लंडच्या प्रवासखर्चाची सोय झाली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या फिलाडेल्फियाला गेल्या, तेव्हाही पुढच्याच वर्षी इंग्रजी पुस्तक काढलं. त्याच्या साधारण दहा हजार प्रती खपल्या. त्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण म्हणजे सरळ मागणीपत्र आहे: विधवांसाठी घर हवं, शिक्षिका हव्यात, त्यासाठी मदत करा. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षं खर्च देण्याचं कबूल केलं. गावोगावच्या मंडळांतून वर्गणी जमायची. अट एकच होती, शाळेत धर्मशिकवण द्यायची नाही.

आपल्या लेखात शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची विधवांसाठीची ही शाळा, केडगावला सुरू झाल्याचं छापलं आहे, ते दुरुस्त करावं. ते ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत सुरू झालं आणि १८९० मध्ये पुण्यात आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई म्हणजेच पुढच्या बाया कर्वे, धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी. सदनातल्या धर्मशिकवणीवरून झालेला १८९३चा वादही नीट सांगायला हवा. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आपणहून आत जाऊन बसत. सक्ती नव्हती, असं रमाबाईंचं म्हणणं. सल्लागार मंडळाला मात्र उघडं दार हाच तटस्थतेचा भंग वाटला. रानडे, भांडारकर बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दहा वर्षांची मुदत संपणार हे रमाबाईंनी आधीच ओळखलं होतं. सदनाला स्वतःचं उत्पन्न असावं म्हणून त्यांनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन फळझाडं लावली. १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली त्यांनी आणल्या, तेव्हा हीच जमीन कामी आली. निराधार मुली-बायकांसाठीचं त्यांचं मुक्ती मिशन तिथेच वाढलं. ते उघडपणे ख्रिस्ती होतं, म्हणून सदन आणि मुक्ती यांची गल्लत करू नये. तिथे विहिरी खणल्या, तेलघाणा, माग, छापखाना चालला. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेल्या बायबलच्या भाषांतराचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, इथल्या मुलींनीच जुळवले. कधीकाळी अक्षरओळख नसलेल्या मुली जुळारी झाल्या होत्या!

एक विनंती. १८८९ मध्ये रमाबाईंनी अमेरिकेची लोकस्थिती आणि आपला प्रवास यांवर मराठीत पुस्तक लिहिलं. तिथल्या बायका संस्था कशा चालवतात, याचं त्यात तपशीलवार वर्णन आहे. लेखकाच्या हक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यातलं एक प्रकरण आपण पुरवणीत क्रमशः छापावं.

आपला,
एक वाचक