त्या गोळ्यांबद्दल

प्रिय आई बाबा,

फोनवर परत भांडण होईल म्हणून लिहितेय. दिवाळीत बाबा तुम्हाला माझ्या पर्समधे एस्सिटालोप्रामची स्ट्रिप दिसली आणि तुम्ही म्हणालात, झोपेच्या गोळ्या कशाला, सवय लागेल, तर त्या झोपेच्या नाहीयेत, डिप्रेशनच्या आहेत, आणि गेल्या मार्चपासून चालू आहेत. सांगायला हवं होतं, नाही सांगितलं, सॉरी.

पहिले दोन आठवडे नुसती मळमळ, फरक शून्य. चौथ्या आठवड्यात एका रविवारी उठून मीच पोहे भिजवले आणि खाताना लक्षात आलं की हे मी कित्येक महिन्यात केलं नव्हतं. डॉक्टर नऊ प्रश्नांचा कागद भरून घेतात, २७ पैकी मार्क, जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट. माझे १९ होते, आता ७. आयुष्यात पहिल्यांदा कमी मार्कांवर खूश आहे बघा.

पण बाबा, ही जादू नाहीये हे मलाही कळतं. २०१८ मधे ५२२ चाचण्या एकत्र करून बघितल्या, २१ औषधं, सगळी नकली गोळीपेक्षा (म्हणजे आत औषधच नसलेली, तुलनेसाठी देतात ती) सरस निघाली, पण फरक फार मोठा नाही. नकली गोळी घेऊनही शंभरातल्या २० ते ४० जणांना दीड-दोन महिन्यात बरं वाटतं, खऱ्या गोळीने ४० ते ६०. म्हणजे कित्येकांना पहिली गोळी लागूच पडत नाही, बदलावी लागते. आजार जास्त असेल तिथे उपयोग जास्त दिसतो, आणि माझा काही थोडाथोडका नव्हता. बीपीच्या गोळीसारखंच आहे हे, असं सगळे म्हणतात, मला नाही पटत, बीपी मशीनवर दिसतं तरी.

सवयीचं म्हणाल तर दारूसारखी तलफ येत नाही, डोस वाढवत न्यावा लागत नाही. पण तुम्ही बोललात म्हणून मी भाऊबीजेनंतर डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केल्या आणि आठवडाभर चक्कर, डोक्यात करंट लागल्यासारखं, चिडचिड. आई, तुझ्यावर फोनवर ओरडले ना, ते त्याच आठवड्यात. हळूहळू कमी करायच्या असतात. ब्रिटनमधे ज्यांना बरं वाटत होतं अशा ४७८ जणांवर बघितलं, गोळी बंद केलेल्यांपैकी ५६ टक्क्यांना वर्षभरात परत त्रास झाला, चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना. म्हणजे चालू ठेवूनही गॅरंटी नाहीच, पण मला आत्ता ती रिस्क घ्यायची नाहीये.

१२ तारखेला अपॉइंटमेंट आहे. बाबा, तुम्ही येता का बरोबर? तुमचे प्रश्न त्यांनाच विचारा, मला नको. आणि आई, तू मावशीला सांगितलंस तरी चालेल, फक्त झोपेच्या गोळ्या म्हणू नकोस.

तुमची,
चिऊ