दक्षता अधिकारी झालेल्या मुलीस आईचे पत्र

सांगली, गुरुवार रात्र

चि. मुक्तास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल दुपारी दीड वाजता तुझा फोन आला नाही, आणि आजही आला नाही. परवा मी जे बोलले ते बोलायला नको होते, हे मला फोन ठेवता ठेवताच कळले होते. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच तोंडातून निघेल, म्हणून कागद घेऊन बसले आहे. ओवीकडून मोबाइलवर टंकून घेता आले असते, पण यातल्या काही गोष्टी तिच्या नजरेखालून इतक्यात जाऊ नयेत असे वाटते.

त्या सरकारी कंपनीत मुख्य दक्षता अधिकारी म्हणून कार्यभार घेतल्यापासून तू रोज दीडला फोन करीत होतीस. इतक्या वर्षांच्या नोकरीत तू दुपारी कधी फोन केला नव्हतास, त्यामुळे पहिले काही दिवस मी सुखावले होते. मग परवा तुझ्या बोलण्यामागे ताटलीवर चमचा वाजलेला ऐकू आला, म्हणून जेवायला कोण कोण आहे असे मी विचारले, आणि तू अगदी सहज म्हणालीस, "कोणी नाही ग, मी केबिनमध्येच जेवते. इथे दक्षता अधिकाऱ्याने असेच राहायचे असते." त्यावर मी म्हणाले, "मग घेतलेसच कशाला हे पद?" त्या प्रश्नाचा अर्थ तू वेगळा घेतलास. तुझी निवड झाली त्याचा मला अभिमान नाही असे तुला वाटले असेल, तर ते मनातून काढून टाक. तुझ्या नियुक्तीच्या आदेशाची प्रत देवघरातल्या कपाटात तुझ्या शाळेच्या दाखल्यांबरोबर ठेवली आहे, आणि माई आत्यांना मी ती दोनदा वाचून दाखवली आहे.

सरकारी कारभारातल्या भ्रष्टाचारावर लक्ष ठेवणाऱ्या केंद्रीय दक्षता आयोगाची ती नियमपुस्तिका तू पाठवली होतीस, ती मी दादाकडून छापून घेऊन जवळजवळ सगळी वाचली. कारकुनी करताना जडलेली सवय आहे, परिपत्रक हाती आले की शेवटच्या पोटकलमापर्यंत गेल्याशिवाय राहवत नाही. भ्रष्टाचार रोखण्यासाठी नेमलेल्या संथानम समितीच्या शिफारशीवरून 1964 साली आयोग स्थापन झाला हे मला ठाऊक होते. परंतु त्याला कायद्याचे अधिष्ठान मिळायला 2003 साल उजाडावे लागले, आणि आजही त्याचा शब्द हा सल्लाच असतो, हे मला आता समजले. तुझ्या पदाची रचना वाचताना मात्र मी पुन्हा पुन्हा थांबत होते. मुख्य दक्षता अधिकारी त्या कंपनीच्या बाहेरच्या सेवेतून आणायचा, तीन वर्षांसाठी, फार तर आणखी दोन. मुदत संपल्यावर त्याला त्याच कंपनीत कायम होता येत नाही. संवेदनशील खरेदीच्या निर्णयप्रक्रियेत त्याने सहभागी व्हायचे नाही, कारण उद्या तोच निर्णय त्याला तपासावा लागेल. हे सगळे मला पटले. पण पगार त्याच कंपनीच्या तिजोरीतून, गाडी आणि चालक तिचाच, घर तिच्याच वसाहतीत, आणि तुझ्या कामाचा गोपनीय अहवाल लिहायला सुरुवात करणार तिचेच अध्यक्ष. पुढे तो मंत्रालयाच्या सचिवांकडून आयोगापर्यंत जातो, हे खरे. तरी पहिला शेरा ज्यांच्या कारभारावर तू लक्ष ठेवायचे त्यांचाच असणार. म्हणजे रोज त्याच माणसांत वावरायचे आणि त्यांच्यातले व्हायचे नाही. हे वाचले आणि ती चमच्याची किणकिण पुन्हा कानात वाजू लागली.

मी हा विषय काढणार नव्हते. पण काढलाच आहे, तर तो माझ्या मनात का घर करून बसला आहे ते तुला सांगितले पाहिजे, कारण हे मी तुझ्या बाबांखेरीज कोणालाच सांगितलेले नाही.

1987 साली तू दुसरीत होतीस. मी तेव्हा ज्या कार्यालयात लेखा शाखेत होते ते तुला आठवत असेल. व्हरांड्यात बसून तू पाढे लिहीत असायचीस. त्या पावसाळ्यात आमच्याकडे तपासणीसाठी एक पथक आले आणि त्याच्या प्रमुख एक बाई होत्या. दुपारी आम्ही सहा जणी मागच्या खोलीत टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरून डबे उघडत असू. पहिल्याच दिवशी त्या बाई आपला डबा घेऊन दारापर्यंत आल्या. दोन पुडांचा स्टीलचा डबा होता आणि वर हातरुमालाची गाठ. आमचे बोलणे थांबले. कोणीही "या" म्हटले नाही. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर माझी पिशवी होती, आणि ती उचलून खाली ठेवायला क्षणभरसुद्धा लागला नसता. मी शेंगदाण्याच्या चटणीच्या डबीचे झाकण लावीत राहिले. "चालू द्या तुमचे," असे म्हणून त्या अभिलेख कक्षात गेल्या, आणि पुढचे सोळा दिवस गठ्ठ्यांच्या मधोमध, खिडकीपाशी, एकट्या जेवल्या.

आम्हाला कोणी तसे सांगितले नव्हते. साहेबांनी तोंडी हुकूम दिला असता तर निदान त्याच्यावर बोट ठेवता आले असते. तपासायला आलेल्या माणसाशी बोलताना कोणी पाहिले, तर उद्या काही निघाल्यावर नाव आपले येईल, एवढी एक भीती सहा जणींच्या मनात एकाच वेळी होती.

आणि मुक्ता, मला सांगण्यासारखे होते. त्याच महिन्यात माझ्या टेबलावर दुरुस्तीच्या कामांच्या नस्त्या होत्या. एकाच कामाचे चार तुकडे पाडून प्रत्येक तुकडा निविदा मागवावी लागते त्या रकमेच्या खाली आणला होता आणि प्रत्येकाला तीन-तीन दरपत्रके जोडली होती. तिन्ही संस्थांची नावे वेगळी, शिक्के वेगळे, सह्या वेगळ्या. पण तिन्ही कागदांवरचा 'र' ओळीच्या किंचित वर उडालेला होता, कारण तिन्ही एकाच यंत्रावर टंकलेली होती. मी ते कागद एकावर एक ठेवून उजेडात धरून पाहिले, आणि मग टाचणी लावून नस्ती पुढे सरकवली. त्या बाई दिवसातून चार वेळा माझ्या टेबलाजवळून जात. त्या हुशार होत्या, पण नऊशे प्रमाणकांत कोणता 'र' पाहायचा हे बाहेरून आलेल्या माणसाला कसे कळावे? त्या माझ्या शेजारी बसल्या असत्या, चार दिवस आम्ही भाजी वाटून घेतली असती, मुलाबाळांची विचारपूस झाली असती, तर पाचव्या दिवशी मी बोलले असते असे मला आजही वाटते. कदाचित बोललेही नसते. त्यांच्या अहवालात बारनिशीतल्या, म्हणजे आवक-जावक नोंदवहीतल्या, तारखा आणि खाडाखोड यांचे आक्षेप आले, आम्ही त्यांचे अनुपालन पाठवले, आणि तो विषय मिटला.

तो खरोखर मिटला नव्हता, हे पुढचे तुला ठाऊक आहे. तीन-चार वर्षांनी प्रकरण दुसऱ्याच वाटेने बाहेर आले आणि विभागीय चौकशी लागली ती देयके तयार करणाऱ्या, तुला चिंचेच्या गोळ्या आणून देणाऱ्या काकांवर. ज्यांच्या सह्यांनी कामांचे तुकडे पडले ते तोवर बढतीवर गेले होते. काका चौकशी चालू असतानाच निवृत्त झाले, तात्पुरत्या निवृत्तिवेतनावर राहिले आणि त्यांचे उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, अडकून पडले. त्यांच्या घरी आपण गणपतीला जायचे का बंद केले असे तू विचारायचीस, आणि मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. मला त्यांच्या डोळ्याला डोळा देता येत नव्हता.

म्हणून सांगते, तुझ्यापुढे प्रकरण आले की ते पहिल्या सहीवर थांबवू नकोस. कारकुनाची सही सर्वांत खाली आणि सर्वांत ठळक असते, तीच आधी सापडते. दोषारोपपत्र देऊन विभागीय चौकशी लागली की माणसाच्या बढतीचा निर्णय मोहोरबंद पाकिटात जातो आणि त्याच्या घरात सगळे आवाज खाली येतात, तेव्हा चौकशी रेंगाळू देऊ नकोस, आणि जो निर्दोष असेल त्याला तसे लवकर कळव. निनावी तक्रारीवर कारवाई करायची नाही असा आयोगाचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे, कारण निनावी पत्राने किती संसार जाळले ते मी पाहिले आहे. पण त्यामुळे सही करून येणाऱ्या माणसाची जबाबदारी दुप्पट होऊन तुझ्यावर येते. लोकहितार्थ उघड केलेली माहिती नाव झाकून तुझ्याकडे चौकशीला आली, तर ते नाव शोधायचा मोह तुझ्या माणसांपैकी कोणालाही होऊ देऊ नकोस. त्या तक्रारदारांसाठी 2014 साली संसदेने कायदा केला, तो अजून अमलात आलेला नाही. त्यांच्यामागे उभा आहे तो केंद्र सरकारचा 2004 चा एक ठराव आणि तुझ्यासारख्यांचे बंद तोंड. हे सगळे तुला माहीत आहे आणि मी तुला शिकवायला बसले आहे. परवाही मी असेच केले. मला क्षमा कर.

तो ठराव कशामुळे निघाला ते मला वाचण्यापूर्वीच माहीत होते, आणि ते लिहायचे नाही असे ठरवले होते. महामार्ग प्राधिकरणातल्या सत्येंद्र दुबे या तरुण अभियंत्याने कामातल्या गैरप्रकारांविषयी थेट पंतप्रधान कार्यालयाला लिहिले, आपले नाव गुप्त ठेवावे अशी विनंती केली, तरी ते पत्र नावासकट खाली फिरत राहिले. आणि नोव्हेंबर 2003 मध्ये एका लग्नाहून परतताना गया येथे पहाटे त्यांच्यावर गोळी झाडली गेली. खटला लुटीचा म्हणून चालला. मला त्या रात्रीतली एवढीच गोष्ट विसरता येत नाही, की ते स्थानकावरून रिक्षाने एकटेच निघाले होते. मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना इंधनातली भेसळ पकडताना भर दिवसा जाळले, तो 25 जानेवारी 2011 चा दिवस तर तुलाही आठवत असेल. त्या आठवड्यात राज्यभर कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवले, तेव्हा आम्ही जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आवारात उभ्या होतो, आणि माझ्या मनात सारखे येत होते की हीच सगळी माणसे दुसऱ्या दिवशी तपासणी पथकाच्या अधिकाऱ्याला पाहून आपापले डबे झाकतील. त्यांच्यात मीही आले.

संध्याकाळी वसाहतीबाहेर फिरायला जातेस, तेव्हा रोजची वेळ आणि रोजचा रस्ता एकच ठेवू नकोस, रात्रीच्या गाडीने उतरायचे असेल तर आधी कोणालातरी कळव. बाबांचा रक्तदाब आता ठीक आहे, त्यांनी हे वाक्य मुद्दाम लिहायला सांगितले आहे, म्हणजे तुला काळजी नको. ओवीच्या दहावीचेही मी पाहते. गणिताच्या शिकवणीला दादा सोडतो. ती तुझ्यासारखीच उत्तर आधी लिहिते आणि पायऱ्या मागून भरते.

पुन्हा त्याच विषयावर येते, रागावू नकोस. तू ठेकेदारांच्या मेजवानीला जात नाहीस, दिवाळीच्या टोपल्या परत पाठवतेस, अध्यक्षांच्या टेबलावर जेवत नाहीस, हे बरोबरच आहे, आणि त्याबाबतीत मला तुझी कधीच चिंता वाटली नाही. पण तिथे कामगारांचे उपाहारगृह असेल. तिथे तुझ्या दक्षता विभागातली चार माणसे, एखादी टंकलेखिका, भांडारातली एखादी बाई जेवायला येत असेल. पहिल्या दिवशी तू गेलीस की बोलणे थांबेल. दुसऱ्या दिवशीही थांबेल. तिथे कोणाला काही विचारू नकोस. आपले पैसे आपण देऊन, भाजी कशी झाली एवढेच बोलून परत ये. महिनाभर जात राहिलीस, तर एखादी जण पिशवी उचलून खाली ठेवेल.

मी तुला नियमपुस्तिकेबाहेरचे काही करायला सांगत असेन, तर तसे स्पष्ट कळव, मी समजून घेईन. तुझे पद तुला माझ्यापेक्षा अधिक कळते. फक्त आता दुपारी दीड वाजता मला फोन करू नकोस. मी त्या वेळी फोनपाशीच बसलेली असते हे खरे आहे, आणि उद्याही बहुधा बसेन. तरीही करू नकोस. रात्री नऊनंतर कर, आणि त्या दिवशी समोर कोण बसले होते ते सांग.

मेथीचे लाडू दादाच्या मित्राबरोबर पाठवले आहेत, तो रविवारी तिकडे पोहोचेल. जरा जास्तच केले आहेत.

तुझी,
आई