चिआंग माईहून सुजातास

चिआंग माई,
17 नोव्हेंबर 2024

प्रिय सुजाता,
सप्रेम जयभीम.

गुरुवारी तू फोनवर रागावलीस ते बरोबरच होतं. महिना झाला, मी आपली 'बरी आहे, जेवले, कोर्स छान चाललाय' एवढं सांगून फोन ठेवते. काय करू? इथली कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की ती फिरून आईपाशी येते, आणि मग माझ्याने पुढे बोलवत नाही. लिहिताना तेवढं अवघड वाटत नाही. आज रविवार, मालिशच्या क्लासला सुट्टी आहे. सकाळपासून लिहायला बसलेय.

आधी राहते कुठे ते सांगते. जुन्या शहराला चौकोनी खंदक आहे. मंगराय राजाने 1296 साली हे शहर वसवलं, आणि खंदकात अजून पाणी आहे. त्याच्या आतल्या एका गल्लीत माझी खोली. गल्लीला इथे 'सोई' म्हणतात. घरमालकीण पासष्टीच्या, एकट्या राहतात. सगळी गल्ली त्यांना 'पा' म्हणते. पा म्हणजे आईची किंवा वडिलांची मोठी बहीण. इथे परक्या माणसालाही नात्यानेच हाक मारतात. फळवाला 'लुंग' म्हणजे काका, आपल्यापेक्षा थोडी मोठी असेल ती 'फी', लहान असेल ती 'नोंग'. आपण इतवारीत भाजीवालीला मावशी म्हणतो, रिक्षावाल्याला दादा म्हणतो, अगदी तसंच. मी त्यांना तोंडावर पा म्हणते, पण मनात मावशीच म्हणते, म्हणून इथेही मावशीच लिहिते.

पहिल्या संध्याकाळी मी बॅग ओढत आले तर मावशींनी पासपोर्टच्या आधी विचारलं, "किन खाव रू यांग?" त्यांच्या मोबाइलने भाषांतर करून दाखवलं: भात खाल्लास की नाही अजून? अगं, 'जेवलीस का' ही आपली रोजची विचारपूस, जशीच्या तशी! आई गेल्यापासून घरात पाऊल टाकल्या टाकल्या मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी नाही म्हटलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. मावशींनी काही विचारलं नाही. आत जाऊन भात घेऊन आल्या.

इथला भात चिकट असतो. रात्री भिजत घालायचा, सकाळी वाफवायचा आणि बांबूच्या झाकणाच्या टोपलीत ठेवायचा. बोटांनी थोडा तोडायचा, गोळा करायचा आणि कशात तरी बुडवून खायचा. आणि बुडवायचा कशात माहीत आहे? ठेच्यात! नाम फ्रिक नुम म्हणतात. लांब हिरव्या मिरच्या, लसणाचा अख्खा गड्डा आणि छोटे कांदे निखाऱ्यावर भाजायचे, काळी सालं काढायची आणि खलात कुटायचं. मी मावशींच्या हातातून बत्ता घेतला आणि आईसारखं कुटायला लागले. आई मिरची आधी हलक्या हाताने चेचायची, मग बत्ता फिरवायची, रेषा राहिल्या पाहिजेत म्हणायची. मावशी बघत राहिल्या. मग चाखून म्हणाल्या, "आरोय." छान झालंय. माशाचा खार तेवढा त्यांनी वरून घातला. त्या वासाची मला सवय व्हायला आठवडा लागला, आता त्याच्याशिवाय अळणी वाटतं. सावजी रस्सा पचवलेल्या पोरीला इथलं तिखट जड जात नाही, हे मावशींना अजून खरं वाटत नाही.

भाषेचं तर काय सांगू. बाराखडी क, ख पासूनच सुरू होते आणि वर्ग आपल्याच क्रमाने येतात. गुरूला 'ख्रू', भाषेला 'फासा', आहाराला 'आहान'. शाकाहाराला 'मांगसाविरात' म्हणतात, हा शब्द मी चार दिवस नुसता ऐकत होते. पाचव्या दिवशी डोक्यात पडलं, अगं, मांसविरती! गोऱ्यांना 'फरांग' म्हणतात, आपला फिरंगीच तो. आणि आपल्याला 'खेक'. खेक म्हणजे पाहुणा. क्लासच्या फीच्या पावतीवर साल 2567 होतं, तथागतांच्या महापरिनिर्वाणापासून मोजलेलं. मोठे सणही माघ, आषाढ, वैशाख या पौर्णिमांचेच आहेत.

आता मुख्य ते.

तिसऱ्या दिवशी मावशींनी पहाटे साडेपाचला दार वाजवलं. खाली फाटकापाशी छोटं टेबल, त्यावर भाताची टोपली, रबराने बांधलेल्या रश्शाच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, झेंडूची फुलं. आम्ही चपला काढून उभ्या राहिलो. उजाडत होतं. गल्लीच्या टोकाकडून भिक्खू आले, अनवाणी, एकामागे एक, शेवटचा सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, बारा वर्षांचा असेल. कुणी बोलत नाही, मागत नाही. मावशींनी भात कपाळाला लावला आणि एकेकाच्या पात्रात घातला. मग आम्ही खाली बसून हात जोडले आणि ते म्हणायला लागले. आधी मला काही कळेना. सूर सपाट, उच्चार वेगळे. आणि शेवटी कानावर आलं, "चत्तारो थम्मा वत्थन्ति, आयु वन्नो सुखङ फलङ."

सुजाता, माझ्या अंगावर काटा आला. 'अभिवादनसीलिस्स निच्चं' होतं ते! विहारात भंतेजी कार्यक्रमाच्या शेवटी म्हणायचे तीच गाथा. आयु, वण्ण, सुख, बल. आपल्या 'नमो तस्स'चं इथे 'नमो तत्स फखवतो' होतं, 'बुद्धं सरणं'चं 'फुत्थङ सरनङ खच्छामि'. आईला अक्षर येत नव्हतं, पण अख्खी वंदना पाठ होती, हे तुला माहीत आहे. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून ती पुढच्या रांगेत बसायची. इथेही त्या दिवशी बायका पांढरंच नेसतात. मी त्या भिक्खूंच्या मागोमाग हळूच आपल्या चालीत गाथा म्हटली. मावशींनी चमकून माझ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं मी हिंदू आहे. भारतातल्या सगळ्याच माणसांबद्दल इथे तसं वाटतं. मग दिवसभर मी त्यांना मोबाइलवर बाबासाहेबांचे फोटो दाखवले, दीक्षाभूमी दाखवली. 14 ऑक्टोबर 1956 ला माझी आई दोन वर्षांची होती आणि आजीच्या कडेवर तिथे होती, हे सांगितलं. त्यांना नवल वाटलं ते एवढंच, की माणसं एका दिवशी ठरवून बौद्ध होतात. त्यांना विचारलं, तुम्ही कधी झालात, तर प्रश्नच कळला नाही.

मी या गोष्टीवर फार विचार करते. आपल्याकडे धम्म म्हणजे मान वर करून चालणं. तो मिळवावा लागला, अजूनही सांभाळावा लागतो. इथे तो केर काढण्याइतका, भात लावण्याइतका रोजचा आहे. मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

पण सगळंच मानवलं नाही. इथल्या एका जुन्या देवळात मी सरळ आत निघाले तर दारावर पाटी: स्त्रियांना प्रवेश नाही. बुद्धाच्या घरी! मला 1930 चा काळाराम आठवला आणि पाय लटपटले. तिथल्या माणसाने नम्रपणे हसून बाजूची वाट दाखवली, पण मी परतच आले. भिक्खूला बाईचा स्पर्श चालत नाही हे समजू शकते, तो विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या शिस्तीचा, नियम आहे. पण बाईला भिक्खुणीही होऊ देत नाहीत. 1928 साली इथल्या संघराजांनी, म्हणजे भिक्खूसंघाच्या प्रमुखांनी, तसा हुकूम काढला, तो आजही धरून बसलेत. धम्मानंदा नावाच्या एक प्राध्यापक बाई 2003 मध्ये श्रीलंकेत जाऊन भिक्खुणी झाल्या, बँकॉकजवळ त्यांचा विहार आहे, पण इथला संघ त्यांना मानत नाही. आपल्याला वाढवणाऱ्या मावशीला, महाप्रजापती गौतमीला, खुद्द बुद्धांनी संघात घेतलं, आणि अडीच हजार वर्षांनी हे. मी मावशींना हे सगळं पोटतिडकीने सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग मुलाचा फोटो घेऊन आल्या, डोकं भादरलेला, चीवरातला, म्हणजे भिक्खूच्या वस्त्रातला. बँकॉकला नोकरी करतो तो. इथली मुलं लग्नाआधी एखादा वर्षावास, म्हणजे पावसाळ्याचे तीन महिने, भिक्खू होऊन काढतात आणि परत संसारात येतात. मुलाच्या चीवराचं टोक धरून आई स्वर्गात जाते, अशी समजूत आहे. मी विचारलं, "आणि मुलीने? मुलीने आईसाठी काय करायचं?"

मावशी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, पौर्णिमेला माझ्याबरोबर चल.

मध्ये क्लासचं सांगते, तू विचारलं होतंस म्हणून. रोज सकाळी आधी जीवकाची वंदना होते. हो, बिंबिसाराचा वैद्य, तोच आपला जीवक. इथे 'चिवोक' म्हणतात आणि मालिशविद्येचा गुरू मानतात. युनेस्कोने 2019 मध्ये ही विद्या वारसा यादीत घेतली. दहा वर्षं मी लोकांचे खांदे आणि गुडघे दाबतेय, पण इथल्या बाई म्हणाल्या, तू बोटांनी जोर लावतेस, अंगाचा भार टाक. गुडघ्यावर बसायचं, कोपर सरळ, आणि पेशंटचा श्वास सुटला की त्याच्यासोबत पुढे झुकायचं. अंगठा तेव्हा नुसता टेकलेला असतो. माझे अंगठे दुखायचे थांबलेत. नागपूरला आले की पहिली तुझी कंबर.

तर परवाची पौर्णिमा. आपली कार्तिक पौर्णिमा आणि यांची लोय क्राथोंग, पाण्यात दिवे सोडायचा सण. चीवरदानाचाही तो शेवटचा दिवस. विहाराच्या अंगणात बांबूच्या चिपांत नोटा खोचून झाडं केली होती, वाऱ्याने नोटा फडफडत होत्या. मावशींनी मला कागद आणि पेन दिलं, आईचं नाव लिही म्हणाल्या. मी देवनागरीत लिहिलं: शेवंताबाई. त्यांनी विचारलं, जन्माचा वार कोणता? इथे जन्मवार प्रत्येकाला माहीत असतो, वाराचा रंग ठरलेला, वाराची बुद्धमूर्तीही वेगळी. मला काय सांगता येणार? आजी म्हणायची पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी झाली, आणि आधार कार्डावर 1 जून. मावशी म्हणाल्या, असू दे, सातही वारांपुढे उदबत्ती लावू. आणि लावल्या, एकेका मूर्तीपुढे थांबून.

मग आम्ही भंतेंपुढे बसलो. मावशींनी पितळेची छोटी झारी आणि वाटी मांडली. भंतेंनी गाथा सुरू केली आणि मावशींनी झारीतून वाटीत पाणी सोडलं, बारीक धार, न तुटता, डाव्या हाताचं बोट धारेखाली धरून. सुजाता, जलदान! आपण फेब्रुवारीत आईचा जलदान विधी केला, पुण्यानुमोदन केलं, तू माझ्या शेजारी बसली होतीस. माझा हात इतका थरथरत होता की दादाने तांब्या धरला होता. इथे मावशी दर पौर्णिमेला नवऱ्यासाठी हे करतात, अकरा वर्षं झाली. त्यांची धार संपली तेव्हा त्यांनी झारी भरून माझ्या हातात दिली आणि माझ्या कोपराला नुसता हात लावून ठेवला. गाथा चालू होती. मी पाणी सोडलं. धार तुटली नाही.

नंतर वाटी घेऊन आम्ही मागच्या बोधिवृक्षापाशी गेलो आणि पाणी मुळाशी ओतलं. कागद तिथल्या वाडग्यात जाळला. मावशी म्हणाल्या, "सेवन्ता." 'श' त्यांना जमत नाही. आईला तिच्या माहेरीही सेवंताच म्हणायचे.

रात्री पिंग नदीवर गेलो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला या नदीला मोठा पूर आला होता, काठच्या भिंतींवर चिखलाच्या रेघा अजून दिसतात. आम्ही केळीच्या खुंटाची चकती कापून तिला पानांच्या घड्या टोचून क्राथोंग केला होता. मध्ये मेणबत्ती, तीन उदबत्त्या, शेवंतीची फुलं, एक नाणं. शेवंती मी मुद्दाम शोधून आणली. वर आकाशात कागदी कंदील चढत होते, इतके की त्या रात्रीची विमानं रद्द करतात. पण मला तिकडे बघायला सुचलंच नाही. मी आमचा क्राथोंग पुलाखाली वळेपर्यंत बघत होते.

आज संध्याकाळी इथला रविवारचा बाजार आहे. मागच्या रविवारी मी एका बाईकडे आप्पे घेत होते, नारळाच्या दुधाचे, आपल्याच आप्पेपात्रात केलेले. सहाचे ठोके पडले आणि राष्ट्रगीत लागलं. सगळा रस्ता जागच्या जागी थांबला, आप्पेवालीचा चमचा हवेत तसाच. गीत संपलं की गर्दी पुन्हा वाहायला लागली. तुझ्या मुलींसाठी तिथून सुती पिशव्या घेणार आहे, कोणता रंग ते आजच कळव.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात परत येतेय. सहाला मला चैत्यभूमीवर जायचं आहे, तिकिटं काढून ठेवशील का? आणि एक काम. आमच्या घराची किल्ली तुझ्याकडे आहे. आईची पितळी झारी माळ्यावर असेल, आंघोळीच्या बंबाच्या मागे. ती काढून चिंचेने घासून ठेव.

मावशी खालून हाक मारताहेत, मिरच्या भाजून झाल्यात. जाते.

तुझी,
करुणा