तो वणवा नव्हता, जाळरेषा होती

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कालच्या अंकाच्या पहिल्या पानावरचं छायाचित्र पाहिलं. संध्याकाळची वेळ, गुडघाभर ज्वाळा, हातात टेंभा घेतलेला खाकीतला वनरक्षक आणि वर ठळक मथळा: ‘रक्षकच भक्षक!’ मथळा फर्मास आहे, उपसंपादकांचं अभिनंदन. पण त्याच छायाचित्रात आगीच्या दोन्ही कडांना साफ केलेली जमीन दिसते, मागे हिरव्या डहाळ्या घेऊन बाया-माणसं उभी आहेत, पाण्याचे डबे ठेवलेले आहेत. जंगल जाळायला निघालेला माणूस विझवणाऱ्यांची टोळी सोबत नेतो का? ती जाळरेषा आहे, म्हणजे वणवा पलीकडे जाऊ नये म्हणून आधीच जाळून मोकळा करायचा पट्टा. 15 फेब्रुवारीच्या आत ती जाळून मोकळी करायची असते, कारण तिथून 15 जूनपर्यंत आगीचा हंगाम. आपल्या वार्ताहरांनी गाडीतून उतरून त्या पोराला एक प्रश्न विचारला असता तर हे कळलं असतं. मग बातमी राहिली नसती, हेही खरं.

मी वनरक्षक म्हणून लागलो आणि वनपाल म्हणून निवृत्त झालो. जाळरेषा म्हणजे काडी टाकली आणि चहाला गेलो असं नसतं. आधी दोन्ही कडांचं गवत कापून पाचोळा मधे ओढायचा, ते वाळू द्यायचं आणि वारा पडल्यावर, नाहीतर पहाटे दव असताना पेटवायचं. उतार असेल तर वरून खाली जाळत यायचं, कारण आग चढाला पळते. सागाच्या जंगलात तर एवढं करूनही भागत नाही. जानेवारीत जाळलेली रेषा पानगळीने पुन्हा भरते, मग परत झाडा. आता ब्लोअर आलेत, आमच्या वेळी खराटेच होते.

आपली बातमी वाचून रात्री झोप लागली नाही, त्याला कारण आहे. परिक्षेत्राचं नाव लिहीत नाही, तिथली काही माणसं अजून नोकरीत आहेत. एका वर्षी असंच एक छायाचित्र एका वर्तमानपत्रात आलं (आपलं नव्हे, एवढं समाधान घ्या). वरपर्यंत फोन गेले आणि आम्हाला निरोप आला की पुढील आदेशापर्यंत कुठेही काडी लावायची नाही. निरोप अर्थातच तोंडी. आमच्या रेषा कापून तयार होत्या, गवत खडखडीत वाळून पडलं होतं. ‘झाडून काढा’ म्हणाले. झाडलं, आणि ढीग कडेला लावले. एक म्हातारी मजूर बाई मला म्हणाली, ‘हे हवेनं परत येते न जी साहेब.’ मला ते कळत नव्हतं थोडंच? पण साहेबांचा साहेब असतो.

एप्रिलमध्ये मोह वेचायला कोणीतरी झाडाखाली पाचोळा पेटवला. ती आग आमच्या रेषेवर येऊन मरायला हवी होती. ती कडेच्या ढिगांवर चढली आणि पलीकडच्या बांबूत शिरली. बांबूची रांजी, म्हणजे बेट, पेटली की पेरं बंदुकीसारखी फुटतात. ते आवाज ऐकत आम्ही रात्रभर डहाळ्यांनी झोडपत होतो. उजाडेपर्यंत बरंच गेलं. दोन दिवसांनी त्याच पत्रात मथळा: ‘वनविभाग झोपेत!’ आणि माझ्या टेबलावर कारणे दाखवा नोटीस: जाळरेषा विहित मुदतीत का जाळली नाही? खुलाशात मी तोंडी आदेशाचा उल्लेख केला. ‘असा आदेश अभिलेखात आढळून येत नाही’ असा शेरा पडला आणि माझी एक वेतनवाढ अडकली. ती सुटेपर्यंत मुलीचं लग्न होऊन गेलं. असो.

कालच्या बातमीत ‘उपग्रहाने टिपलेल्या आगीं’चा आकडा देऊन आपण भुवया उंचावल्या आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून येणारे हे इशारे उपयोगाचे आहेत, त्यांनी आमची पुष्कळ पायपीट वाचवली. पण तो उपग्रह 375 मीटरच्या चौकटीत उष्णता पाहतो. ती वणव्याची की जाळरेषेची, हे त्याला कळत नाही. ते जागेवर जाऊन वनरक्षकानेच पाहायचं असतं. तेव्हा त्या आकड्यात काल ज्याला आपण भक्षक ठरवलंत त्याचं कामही धरलेलं असू शकतं.

मी आगीची वकिली करत नाही. मोहाखाली, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणून किंवा शिकारीसाठी आग लावणाऱ्यांवर 1927 च्या वन अधिनियमाची 26 आणि 33 ही कलमं लावायलाच हवीत, मीही लावली आहेत. पण आग दिसली की गुन्हा, हे कोणी शिकवलं? काझीरंगात गवत ठरवून जाळतात. कर्नाटकात बिळिगिरीरंगन टेकड्यांतले सोलिग आदिवासी सांगतात, आमची थंडीतली हलकी आग बंद केलीत आणि घाणेरीची (लँटाना) झुडपं माजली. त्यांचं सगळंच्या सगळं आपल्याकडे लागू पडेल असं नाही, पण ऐकून तरी घ्या. इंग्रजांच्या काळी 1860 च्या दशकात सातपुड्यातल्या बोरीच्या जंगलात वनखात्याच्या पिअर्सन साहेबाने आग रोखून दाखवली, तेव्हापासून आपल्या भागात हे काम चालू आहे. काल सकाळी निघालेलं खूळ नव्हे.

बातमीच हवी असेल तर मी देतो. रेषा का जाळली हे विचारू नका, मार्चमध्ये का जाळली हे विचारा. आमच्या वेळी गवत जानेवारीत वाळायचं आणि अनुदान कधी कधी फेब्रुवारी उलटल्यावर यायचं. तोवर उन्हं तापलेली, वारा सुटलेला, आणि तीच रेषा जाळताना हात कापायचे. त्या छायाचित्रातल्या बायांना मजुरी कोणत्या महिन्यात मिळते, तेही विचारा. त्यासाठी मात्र कार्यालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतील, रस्त्यावरून फोटो काढून भागणार नाही.

जाता जाता आणखी एक. पान 5 वर बातमीचा उर्वरित भाग आहे, त्यासोबत ‘धगधगते जंगल’ म्हणून जे चित्र छापलंय त्यातली झाडं पाइनची आहेत. आमच्याकडे साग, ऐन, धावडा, बांबू असतो. पाइन चंद्रपूर जिल्ह्याच्या जंगलात कुठे उगवला ते कळवावं, या वयातही पाहायला येईन. आणि दुरुस्ती छापणार असाल तर पहिल्या पानावर छापा. मागच्या वेळी आमच्या गावाच्या नावाची दुरुस्ती निविदा सूचनांच्या खाली छापली होतीत, ती भिंग घेऊन शोधावी लागली.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वनपाल, चंद्रपूर जिल्हा